शाळेच्या फाटकापाशी

मुलांना शाळेत काय शिकवावे, हा वाद विलायतेत जुना आहे. १९८८ साली कलम २८ आले. समलिंगी संबंधांचा पुरस्कार करण्यास स्थानिक स्वराज्य संस्थांना बंदी झाली आणि पुष्कळ शिक्षक या विषयावर बोलायला कचरू लागले. स्कॉटलंडमध्ये २००० व इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली ते रद्द झाले.

२०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँडरटन पार्क प्राथमिक शाळेबाहेर निदर्शने झाली. समलिंगी पालकांच्या कुटुंबांचा उल्लेख वर्गात नको, असे निदर्शकांचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शाळेजवळ निदर्शनांना कायमची मनाई केली.

सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे आहे. लैंगिक शिक्षणातून मुलाला वगळण्याची विनंती मात्र पालक करू शकतात.

वाचकहो, पालकांनी गुरुजींना जरूर जाब विचारावा. पण तो वर्गाबाहेर बसून, शांतपणे. फाटकातून आत जाणाऱ्या लेकरांच्या कानी घोषणा पडू नयेत, असे आम्हांस वाटते.