मैदान कोणाचे?

नंदुरबार काय किंवा राज्यातील अन्य कोणताही आडवळणाचा जिल्हा काय, क्रीडासंकुलाचा विषय निघाला की चर्चा निधी, जागा आणि बांधकाम यांभोवतीच फिरते. प्रेक्षागार उभे राहिले की काम संपले, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः मैदानाचे आयुष्य त्यानंतर सुरू होते. आणि ते किती टिकेल, हे त्याचे दरवाजे कोणासाठी उघडतात यावर ठरते. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे.

1933 मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने चर्चगेटजवळ, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर हे स्टेडियम बांधले. डिसेंबर 1937 मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या पाहुण्या संघाविरुद्धच्या सामन्याने तेथे खेळ सुरू झाला. परंतु त्याच हंगामात आसनांच्या वाटपावरून तंटा उद्भवला आणि हिंदू संघ पंचरंगी सामन्यांपासून दूर राहिला. वास्तू कोरी होती. भांडण मात्र तिच्याआधीच येऊन बसले होते!

पुढे या मैदानाने वैभव पाहिले. 1943 मध्ये येथेच विजय मर्चंट यांनी नाबाद 250 धावा केल्या आणि प्रतिपक्षाच्या विजय हजारे यांनी संघाच्या 387 धावांपैकी एकट्याने 309 काढल्या. 1948 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. त्यानंतर पाव शतक मुंबईची कसोटी म्हणजे ब्रेबर्न, हे समीकरणच झाले.

हे समीकरण मोडले तेही आसनांवरूनच. मैदान क्लबचे, सामन्यांची यजमान मुंबई क्रिकेट संघटना. तिकिटांचा वाटा कोणाला किती, यावर उभयतांचे जमेना. अखेर शेषराव वानखेडे यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम अल्पावधीत उभे केले. जानेवारी 1975 मध्ये कसोटी क्रिकेट तेथे गेले. 1973 च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर ब्रेबर्नवर पुन्हा कसोटी होण्यास 36 वर्षे लागली.

एवढ्या काळात एखाद्या मैदानाचे गोदाम किंवा मोटारतळ झाला असता. ब्रेबर्नचे तसे झाले नाही, कारण मोठे सामने गेले तरी खेळ गेला नाही. क्लबच्या सदस्यांचा वावर आणि खेळपट्टीची निगा चालूच राहिली. 1998 मध्ये सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाच्या पाहुण्या संघाविरुद्ध मुंबईकडून नाबाद 204 धावा येथेच केल्या. म्हणूनच वानखेडेची पुनर्बांधणी निघाली तेव्हा ब्रेबर्न सज्ज होते. डिसेंबर 2009 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत वीरेंद्र सेहवागने 293 धावा केल्या, त्या याच हिरवळीवर.

तथापि या मैदानाचा खरा पुनर्जन्म महिलांच्या क्रिकेटने घडविला, असे म्हणावे लागेल. 2013 च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामनाही येथेच झाला, आणि त्या स्पर्धेत स्त्रियांना व मुलींना प्रवेश विनामूल्य होता. ज्या मैदानाने आसनांच्या वाटपापायी दोनदा मनस्ताप सोसला, त्याच्या प्रेक्षागारात मुली तिकिटावाचून येऊन बसल्या, ही घटना लहान नव्हे.

ब्रेबर्न ही आजही एका खाजगी क्लबची मालमत्ता आहे, हे विसरून चालणार नाही. त्याला पडत्या काळात सदस्यांनी जगविले. शासनाच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत होणाऱ्या संकुलांना असे सदस्य कोठून मिळणार? उत्तर दूर नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतील मुलेमुली, शहाद्या-नवापूरचे विद्यार्थी, पहाटे धावायला येणारे पोलीस भरतीचे उमेदवार, हेच त्यांचे सदस्य होत. त्यांच्यासाठी वेळापत्रक आखणारा शिक्षक, राखणदार, पाणी आणि प्रसाधनगृह यांची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवी. उद्घाटनाच्या व्यासपीठापुढील खुर्च्या कोणाला मिळाल्या, याची चर्चा दोन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक कोणासाठी उघडले, यावर मात्र त्या मैदानाचे भवितव्य ठरते.