पितळी बिल्ल्याची परीक्षा

पुण्याजवळ नगर रस्त्यावर वाघोली आहे. तेथे एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तुम्हांला एक पितळी बिल्ला दिसला असे समजा. त्यावर ‘विक्रांत’ हे नाव आहे. दुकानदार म्हणतो, “हा खुद्द विमानवाहू जहाजावरचा आहे.” त्याचे म्हणणे तपासायचे कसे?

आधी त्या जहाजाविषयी थोडेसे. त्याची बांधणी इंग्लंडमध्ये १९४३ साली सुरू झाली. महायुद्ध संपल्यावर काम अर्धवट राहिले. भारताने ते १९५७ मध्ये विकत घेतले. काम पुरे झाल्यावर ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ आपल्या नौदलात दाखल झाले. १९७१ च्या युद्धात त्याच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते निवृत्त झाले. पुढे काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय होते. २०१४ मध्ये ते भंगारात विकले गेले आणि मुंबईतच तोडले गेले. जहाज गेले, म्हणून त्याच्या आठवणींना मोल आले. आणि मोल आले की नकलाही येतात.

आता परीक्षा. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्याला लोहचुंबक ओढत नाही. बिल्ला चुंबकाला चिकटला, तर आत लोखंड आहे व वर नुसता मुलामा. पण चिकटला नाही, तरी तो पितळेचाच असे ठरत नाही. स्वस्त नकला जस्तप्रधान मिश्रधातूच्या ओतून त्यांवर मुलामा देतात; त्यांनाही चुंबक ओढत नाही.

येथे आर्किमिडीज मदतीला येतो. बिल्ला तराजूला दोऱ्याने टांगून हवेत तोला. मग तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवून तोला. मागच्या खोबणीत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. हवेत ८५ ग्रॅम व पाण्यात ७५ ग्रॅम भरला, तर वजनातील घट १० ग्रॅम. ८५ भागिले १० म्हणजे विशिष्ट गुरुत्व ८·५. पितळेचे ते साधारण ८·४ ते ८·७ असते. जस्ताच्या त्या नकलेचे ७ पेक्षाही कमी भरेल.

एक काळजी मात्र घ्या. घरचे पितळी तांबे चिंचेने लखलखतात, कारण चिंचेतील आम्ल वरचा काळपट थर विरघळवते. बिल्ल्याला चिंच लावू नका. पुन्हा पुन्हा घासल्याने अक्षरांच्या कडा झिजतात आणि वस्तूच्या वयाची खूण असलेला थरही जातो.

समजा, बिल्ला अस्सल पितळेचा ठरला. तो विक्रांतवरचा ठरला का? नाही! काल ओतलेले पितळही ८·५ च भरते. तराजू धातू ओळखतो, जहाज ओळखत नाही. २०१६ मध्ये बजाज कंपनीने विक्रांतचे पोलाद वापरून मोटारसायकल काढली. ते पोलाद विक्रांतचे, हे आपल्याला धातू पाहून कळत नाही. ते कोणाकडून कोणाकडे गेले याच्या नोंदींवरून कळते. बिल्ल्याचेही तसेच. तो वापरणाऱ्या नौसैनिकाचे नाव, जुने छायाचित्र, खरेदीची पावती अशी साखळी जुळली, तरच दुकानदाराच्या शब्दाला आधार मिळतो.

तुमच्या घरी कोणाची अशी वस्तू असेल, तर तिची हकीकत त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. पितळ टिकते, आठवण मात्र लिहिली तरच टिकते.