पडद्यावरची बंदूक काय लपवते?

चोर्ला घाट ओलांडून जांबोटीमार्गे बेळगावकडे जाताना शहराच्या अलीकडे पिरनवाडी लागते. या परिसराला खरी बंदूक अपरिचित नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि सभोवतालच्या गावांतील तरुण पिढ्यान् पिढ्या सैन्यात जात आले आहेत. याच गावांतील मुले आता दुसरी एक बंदूक पाहत वाढत आहेत, ती चित्रपटातील. दोन्ही बंदुका दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे आणि चिंतेचे खरे कारण तेथेच आहे.

सैन्यात प्रत्येक शस्त्राची नोंद असते. सरावाच्या गोळ्या मोजून मिळतात आणि सराव संपल्यावर रिकाम्या पुंगळ्यांचाही हिशेब द्यावा लागतो. बंदूक भरलेली असो वा नसो, तिची नळी विनाकारण माणसाकडे वळवायची नाही, हा तेथील पहिला धडा होय. पडद्यावर यातले काहीच नसते. १४ एप्रिल २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘केजीएफ : चॅप्टर २’मधील नायक पोलीस ठाण्यावर मशीनगन चालवतो आणि तिच्या तापलेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. २०२३ च्या ‘अ‍ॅनिमल’मध्ये उपेंद्र लिमये यांनी साकारलेला फ्रेडी नायकाला अजस्र मशीनगन पुरवतो आणि हाणामारीच्या वेळी अजय-अतुल यांचे ‘डॉल्बी वाल्या’ हे मराठी गाणे वाजते. वरातीत ज्या गाण्यावर पाय थिरकतात, त्याच गाण्यावर पडद्यावर माणसे पडत जातात. अशा वेळी मृत्यूही उत्सवाचाच भाग वाटू लागतो.

चित्रीकरणाची बंदूकसुद्धा खेळणे नसते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लँक’ काडतुसात शिसे नसले तरी दारू असते. नळीतून वेगाने बाहेर पडणारा तप्त वायू जवळच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. १९८४ मध्ये अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने गंमत म्हणून असे पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या धक्क्याने सुटून ब्रँडन ली याला लागला आणि तो दगावला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’च्या चित्रीकरणस्थळी तर बंदुकीत खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा बळी गेला. जाणकारांच्या देखरेखीखालीही हे घडू शकते.

चित्रपट पाहून माणूस गुन्हेगार होतो, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. गुन्ह्यामागे घर, गरिबी, संगत, शस्त्रांची उपलब्धता अशी अनेक कारणे असतात. तरीही अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विचार करायला लावतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चित्रपटाचा वीस मिनिटांचा भाग दाखवून नंतर खेळायला सोडले. खोलीतील कपाटात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवले होते. बंदुका असलेला भाग पाहिलेल्या मुलांनी ते साधारण ५३ सेकंद हाताळले. बंदुका वगळलेला भाग पाहिलेल्यांनी अवघे ११ सेकंद. चाप ओढण्याचे प्रमाणही पहिल्या गटात अधिक होते.

आपल्याकडे हिंसेचे उदात्तीकरण होऊ नये, असे चित्रपट प्रमाणनाची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन टप्पे केले. ‘अ‍ॅनिमल’ला प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र होते. परंतु प्रमाणपत्राची अट चित्रपटगृहाच्या दारापर्यंतच पुरते. त्याच दृश्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर कोणत्याही वयाच्या मुलासमोर येतो आणि त्यात कथेचा मागचापुढचा संदर्भ उरत नाही.

हा संदर्भच महत्त्वाचा असतो. महेश मांजरेकर यांच्या १९९९ च्या ‘वास्तव’मध्येही बंदुका आहेत, पण तेथे अखेरीस आईलाच मुलावर गोळी झाडावी लागते. बंदुकीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तो चित्रपट लपवत नाही.

पडद्याबाहेर ही किंमत कायद्यानेही ठरवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शस्त्र परवान्याचे असले तरी त्यातून सुटका नाही.

बंदी हा यावरचा सोपा उपाय वाटतो. पण मोबाइलच्या काळात ती फारशी टिकणारी नाही. मुलांनी पाहिलेल्या दृश्याविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे अधिक उपयोगाचे. पिरनवाडीच्या परिसरात त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बंदुकीचे वजन, तिचा खांद्याला बसणारा धक्का आणि तिच्यापुढे पडलेला माणूस यांविषयी अनुभवाने सांगू शकतील, असे निवृत्त जवान आसपासच्या गावांत आहेत. शाळांनी त्यांना वर्षातून एकदा बोलावले, तरी मुलांना बंदुकीची दुसरी बाजू कळेल.