कृष्णाकाठची फर्माईश

सातारा-सांगलीकडच्या माणसाला एकट्यानं गाणं ऐकायला जमतच नाही. इयरफोन लावला तरी त्यातला एक तो शेजाऱ्याच्या कानात कोंबतो आणि म्हणतो, "थांब, आता जागा येतीय बघ!" जागा येते, दोघं मान हलवतात, आणि एसटी कराड सोडून पुढं निघालेली असते. दोघांपैकी एकाला कराडलाच उतरायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

तर या दोन जिल्ह्यांतल्या गाणेवेड्यांच्या आणि गाणेवाटप्यांच्या काही गोष्टी. भडंगासारख्या खा, मूठमूठ.

आले पेशंट, झाले गवई

मिरज हे दवाखान्यांचं गाव, हे सगळ्यांना ठाऊक. पण इथं उपचाराला आलेल्यांची यादी बघा. कुरुंदवाडचा एक मुलगा. दत्तजयंतीला दारूकामात भाजला आणि डोळे अधू झाले. मिरजेला आणल्यावर डॉक्टर भडभड्यांनी सल्ला दिला, याला गाणं शिकवा. मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढं बसला. तोच विष्णु दिगंबर पलुस्कर. 1901 साली त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि राजवाड्यातलं गाणं तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसापर्यंत नेलं.

दुसरा पेशंट कानाचा. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला कमी ऐकू यायचं, म्हणून शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला धाडलं. किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याची गाठ पडली, आणि 1905 साली मिरजेतच तो शकुंतला म्हणून रंगमंचावर उभा राहिला. म्हणजे बालगंधर्व! ज्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्याला ऐकायला पुढं अख्खा महाराष्ट्र रात्र रात्र जागला.

तिसरे अब्दुल करीम खाँ. प्लेगातून ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी खाँसाहेब मिरजेचे झाले हे खरं. डोळा, कान आणि प्लेग. एवढ्या तीन तक्रारींवर मराठी संगीताचं अर्धं शतक उभं राहिलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पाटीवर हे लिहायला हरकत नाही.

दोन कुत्रे

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेला 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा तुम्हाला माहीत आहे. त्याचं नाव निपर. पण तो फक्त ऐकायचा. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे टिपू मियाँ नावाचा कुत्रा होता आणि तो म्हणे सुरात साद द्यायचा. खाँसाहेबांनी त्याला लोकांपुढं बसवून दाखवलंही होतं. निपरची ख्याती जगभर, टिपू मियाँची मिरजेपुरती. जाहिरात नसली की असं होतं.

तीन मिनिटांचा गुरू

जुनी 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. तासभर राग रंगवणाऱ्या गवयांनी त्यात काय मावेल म्हणून नाकं मुरडली. खाँसाहेबांनी मात्र त्या तीन मिनिटांत झिंझोटीतली एक ठुमरी अशी बसवली, की गदगच्या एका पोराचा पाय दुकानासमोरून हलेना. दुकानात रेकॉर्ड वाजतेय, बाहेर पोरगं उभं. ना ओळख, ना पैसे. 1933 साली वयाच्या अकराव्या वर्षी ते गुरू शोधायला घरातून पळालं. पोरगं म्हणजे भीमसेन जोशी. गुरू शेवटी मिळाले ते सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य. दुकानदारानं त्या दिवशी दुसरी रेकॉर्ड लावली असती तर? विचारच नको.

खाँसाहेब 1937 साली मद्रासकडच्या दौऱ्यात रेल्वे स्टेशनावर गेले. दफन मात्र मिरजेत, त्याच दर्ग्यात. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावानं गाण्याची सभा भरते. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गवई बसतात, समोर ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो. तिकीट नाही. पहाटे थंडी वाजायला लागली की अनोळखी माणूस आपल्या शालीचं एक टोक तुमच्याकडे सरकवतो आणि विचारतो, "गेल्या वर्षी ऐकलंत का?" नाही म्हणालात तर तो तुम्हाला गेल्या वर्षीचं सगळं गाऊन दाखवणार. चालू गाणं बुडालं तरी चालेल.

साताऱ्यानं मनाला लावून घेऊ नये. खटाव तालुक्यातल्या औंधला अंतूबुवा जोशींनी 1940 साली आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ उत्सव सुरू केला. आश्विन वद्य पंचमीला तो आजही होतो. इथं शहरी रसिक आणि शेतातून हात धुऊन आलेला माणूस एकाच सतरंजीवर असतात, आणि दाद कुणाची आधी येईल सांगता येत नाही.

सोबत पिनही जोडली आहे

आवडती रेकॉर्ड जास्तीत जास्त किती लांब पाठवता येते? 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली. परग्रहावर कुणी असलंच तर त्याला ऐकवायला 27 रचना. त्यात बाख आहे, बीथोव्हन आहे, चक बेरी आहे आणि भारताकडून एकच आवाज आहे, केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. तबकडी निवडणाऱ्यांना ती रेकॉर्ड सापडता सापडेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात मिळाली.

आता आमचा कृष्णाकाठचा हक्क सांगतो. केसरबाई लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. म्हणजे मिरजेचा थोडा सूर सूर्यमालेच्या बाहेर पोचलाय. यानात तबकडीसोबत पिनही दिली आहे, कशी वाजवायची त्याच्या आकृत्यांसह. आमच्याकडे लग्नाला रेकॉर्डी मागून नेणारे पिना कधी परत करत नसत.

तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानांची युद्धं संपली, धार कुणाला हवी? एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता बनवायला घेतली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. भोपळा कापायचा, आतला गर-बिया काढायच्या, त्यावर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची. हे सगळं होतं, पण तंबोरा बोलतो तो जवारी काढल्यावर. कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, तारेखाली सुताचा दोरा किंचित पुढं-मागं करतो. अचानक कोरडी तार मधमाश्यांसारखी घुमायला लागते. त्या क्षणी गिऱ्हाईक, कारागीर आणि चहा घेऊन आलेलं पोरगं असे तिघंही गप्प होतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

'…आणि त्यांचे सर्व मित्रमंडळ'

सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 सालचं. मध्यम लहरी, 1251 किलोहर्ट्झ. आकडा पाठ नसलेला माणूस या भागात पाहुणा समजावा. त्याआधी काय करायचे लोक? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ 1952 ते 1962 केंद्रात नभोवाणीमंत्री. सिनेमाच्या गाण्यांवर त्यांची खप्पा मर्जी. मग लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन पकडलं. तिथं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' 1952 पासून सुरू होती. शेवटी 1957 साली सरकारलाच विविध भारती काढावं लागलं. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा म्हणून धरलेल्या हट्टानं सिलोनचं भलं झालं.

फर्माईशीची पंधरा पैशांची कार्डं हा स्वतंत्र साहित्यप्रकार होता. गाण्याचं नाव अर्ध्या ओळीत, उरलेल्या कार्डावर आत्या, मावशा, दाजी, तालमीतले सगळे गडी आणि शेवटी 'सर्व मित्रमंडळ'. गाणं तीन मिनिटांचं, नावं चार मिनिटांची. आपलं नाव रेडिओवर येणार म्हणून शेजारच्या आळीतल्या लोकांना बोलवायचं, आणि निवेदिका नेमकं आपल्याच आडनावाचं वाटोळं करणार! पण गाणं? ते तर सगळ्यांचंच.

सामूहिक ऐकण्याचा कळस म्हणजे 'गीतरामायण'. 1 एप्रिल 1955 ला रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर 56 गीतं. कवी गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, औंधच्या शाळेत शिकलेले. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे! ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर गल्ली. लोक रेडिओला हार घालायचे.

कॅसेट भरून मिळेल

आता माझा काळ. ऐंशीच्या दशकात बाजारपेठेत कॅसेट भरून देणारी दुकानं असायची. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. एका बाजूला तीस मिनिटं. गणित दुकानदाराचं, चुकायचं आमचं. शेवटचं गाणं हमखास दुसऱ्या अंतऱ्यात कटकन तुटायचं. ती गाणी आता मोबाइलवर अखंड वाजतात, पण दुसरा अंतरा आला की माझा हात आपोआप बाजू बदलायला उठतो.

एकदा मी तक्रार करायला गेलो. यादीत नसलेलं गाणं 'ब' बाजूला शेवटी भरलेलं होतं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "साडेतीन मिनिटं उरली होती. मोकळी कशाला सोडायची? हिराबाई टाकल्यात, ऐकून बघा. नाही आवडलं तर पुसून देतो." हिराबाई म्हणजे बडोदेकर, अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, जन्म मिरजेचा. त्या कॅसेटवरची माझ्या पसंतीची चौदा गाणी मला आज आठवत नाहीत. ते पंधरावं आठवतं. पुसून घ्यायला मी गेलो नाही.

गाण्यांचा सातबारा

उताऱ्यावर नावं कुणाकुणाची? आशा भोसले, जन्म सांगली, 1933. वडील दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीचा मुक्काम तेव्हा तिथंच. गीतकार पी. सावळाराम, वाळवा तालुक्यातलं येडेनिपाणी. शाहीर साबळे, वाईजवळचं पसरणी. त्यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत 2023 मध्ये राज्यगीत झालं. यमुनाबाई वाईकर, लावणीसाठी पद्मश्री, 2012. तमाशातले काळू-बाळू, मिरज तालुक्यातलं कवलापूर. नव्या नोंदीत म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही सामुदायिक रेडिओवाहिनी, 2008 पासून, 90.4 वर. हरकत असल्यास तलाठ्याकडे जावे.

माळ्यावर चढा

मुंबईत 1990 साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली. जुन्या तबकड्या आणायच्या, एकमेकांना ऐकवायच्या, माहिती लिहून ठेवायची. त्यांच्या हाती लागलेलं कितीतरी गाणं कुणाच्या तरी माळ्यावरून भंगारात निघालेलं होतं. तेव्हा या सुट्टीत गावी गेलात की माळ्यावर एकदा नजर टाका. तबकड्या सापडल्या तर एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पुसायला स्पिरिट तर अजिबात नको. जुन्या तबकडीत बांगड्यांतली असते तीच लाख आहे, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. आणि वाजवायच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा.