हार्मोनची गोळी आणि मांडीचा स्नायू

डीएचईए हे हार्मोन मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत तयार होतं. विशी-पंचविशीत ते रक्तात भरपूर असतं. सत्तरी-ऐंशीपर्यंत तरुणपणाच्या जेमतेम दहा-वीस टक्के उरतं. नेमकं याच काळात पोटाचा घेर वाढतो, दंड-मांड्या बारीक होतात आणि शुगर चढू लागते. तेव्हा जे आटलं ते बाहेरून भरून काढावं, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत १९९४च्या कायद्यामुळे डीएचईए आहारपूरक म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आणि या आशेला बाजार मिळाला.

या आशेची तपासणी करणाऱ्यांत जॉन हॉलोझी होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या संशोधकाचं आयुष्य व्यायामाच्या अभ्यासात गेलं. नियमित धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा कशी वाढते, हे त्यांनी १९६७ साली दाखवलं होतं. २००४ साली डेनिस व्हिलारियल आणि हॉलोझी यांनी ५६ ज्येष्ठांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए घेणाऱ्यांच्या पोटातली चरबी घटली आणि इन्शुलिनचं काम सुधारलं. बातमी मोठी होती. पण दोनच वर्षांनी मेयो क्लिनिकच्या श्रीकुमारन नायर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष मांडला: डीएचईए असो वा पुरुषांना दिलेलं टेस्टोस्टेरॉन, इन्शुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात फरक पडला नाही, शारीरिक क्षमतेतही नाही.

त्याच २००६ साली व्हिलारियल-हॉलोझींचा आणखी एक निबंध आला. त्याची चर्चा कमी झाली. माझ्या मते तोच सगळ्यांत बोलका आहे. नुसतं डीएचईए सहा महिने घेऊन ज्येष्ठांची ताकद वाढली नाही, मांडीचा स्नायूही भरला नाही. त्यानंतर चार महिने वजनं उचलण्याचा व्यायाम जोडला, तेव्हा मात्र डीएचईए घेणाऱ्यांना त्या व्यायामाचा फायदा जास्त झाला.

शुगरच्या बाबतीतही व्यायाम का महत्त्वाचा, याचं उत्तर स्नायूच्या पेशीत आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. पेशीत साखर शिरते ती ग्लुट-फोर नावाच्या वाहक प्रथिनामार्फत. एरवी ही प्रथिनं पेशीच्या आत असतात. इन्शुलिनचा संदेश आला की पृष्ठभागावर येतात. टाइप-२ मधुमेहात हा संदेश नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हीच प्रथिनं वेगळ्या मार्गाने, इन्शुलिनची वाट न पाहता, वर येतात. हा दुसरा मार्ग मधुमेहातही बराचसा शाबूत असतो! शिवाय व्यायाम थांबल्यावरही पुढचा एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये, असं डॉक्टर सांगतात.

टेस्टोस्टेरॉनची कथाही याच वळणाची. ऑस्ट्रेलियात पोट सुटलेल्या, शुगर वाढू लागलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १,००७ पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात घातलं. निम्म्यांना दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, निम्म्यांना औषध नसलेली. २०२१मध्ये निकाल आला: दोन वर्षांअखेर मधुमेहाच्या पातळीत असलेले इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, इतरांत २१ टक्के. मात्र इंजेक्शन घेणाऱ्या दर पाचांतल्या एकाहून अधिक जणांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं. पुढे अमेरिकेतल्या ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीत टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं, पण असा आहार-व्यायामाचा कार्यक्रम जोडलेला नव्हता. प्रीडायबिटीस असलेल्यांचा मधुमेहाकडचा प्रवास त्यात थांबला नाही. दोन्ही चाचण्यांतले पुरुष वेगळे, औषधाचं रूपही वेगळं, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देता येणार नाही. पण फक्त हार्मोनवर विसंबून शुगर आटोक्यात येईल, असं म्हणायलाही आधार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबतचं स्वतःचं छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. वजनकाट्यावर समाधान मानणाऱ्या घरांत हे ठाऊक असायला हवं. चालणं उत्तमच, जेवणानंतरची शतपावलीही शुगर खाली ठेवते. पण आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावायला लावणारा व्यायाम हवाच. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, रबरी पट्टा ओढणं, एवढ्यानेही सुरुवात होते. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हे भरभर चालण्यासारख्या व्यायामाचं प्रचलित माप आहे.

फोनवरच्या जाहिराती पाहून हार्मोनच्या गोळ्या मागवू नका, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. डीएचईएमुळे स्त्रियांना मुरुमं, चेहऱ्यावर केस येऊ शकतात. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांनी तर ते टाळावंच. टेस्टोस्टेरॉन द्यायचं की नाही, ते रक्ततपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून फिरायला निघताना खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की लगेच थांबून त्या खा आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा.