पेलेटची शेगडी आणि धुराची वाट

उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा इत्यादी टाकाऊ जिनसा वाळवून, दळून व यंत्रात दाबून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या ज्या कांड्या तयार करतात, त्यांस पेलेट म्हणतात. हे इंधन पुण्यास अगदीच अपरिचित नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व बीपी कंपनी यांच्या सहकार्यातून २००६ साली ‘ऊर्जा’ नावाची पेलेटवर चालणारी शेगडी विक्रीस आली व २००९ साली हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. पुढे चिपाडास कारखान्यांच्या बॉयलरांकडूनही मागणी वाढली, पेलेटचे भाव चढले आणि घरगुती गिऱ्हाईक मागे फिरले. परंतु अशा शेगड्या अद्यापि काही घरांत, खानावळींत व मंगल कार्यालयांच्या मुदपाकखान्यांत दृष्टीस पडतात. त्यांच्या धुराची व्यवस्था कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

या शेगडीत कांड्या वरून पेटवितात व लहान पंख्याने खालून आणि वरून वारा देतात. तापलेल्या कांड्यांतून सुटणारा वायू वरच्या वाऱ्यात जळून जातो. म्हणून धूर फारसा दिसत नाही. लोक फसतात ते येथेच. ज्योत संपल्यावर तळाशी कोळसा उरतो आणि तो धुमसू लागला की कार्बन मोनॉक्साइड वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या मानाने दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो. स्वयंपाक आटोपला, आता हीच शेगडी ऊब घेण्यासाठी निजावयाच्या खोलीत न्यावी, असा मोह पौषातील थंडीत होतो. तो जिवावर बेततो. जवळ पाण्याचे भांडे ठेवले म्हणजे भय नाही, ही समजूत खोटी आहे, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका असून खोलीभर सारखा पसरतो. त्यामुळे खाटेवर निजणारा आणि जमिनीवर निजणारा, दोघांसही धोका सारखाच. उरलेला कोळसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून उघड्यावर ठेवावा, हे उत्तम.

धुरांडे कसे चालते हे आपल्या आजीच्या बंबाने दाखवून दिले आहे. बंबाच्या मधोमध जी नळी असते ती पाणी तापविते आणि धुरास वर ओढूनही नेते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व खालून ताजी हवा आत येते. नळी जितकी उंच व सरळ, तितकी ओढ चांगली. मात्र जुन्या वाड्यांतील न्हाणीघरास वर झरोका असे, तो हल्लीच्या बंद फ्लॅटांत नसतो. वाड्यात जे खपले ते येथे खपणार नाही.

१९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात घरोघरी धुरांड्याच्या चुली घालण्यात आल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेची दोन भांड्यांची लक्ष्मी चूलही धुरांड्याचीच. या चुलींचा अनुभव असा की, चूल टिकली तरी नळी साफ करण्याकडे दुर्लक्ष झाले, काजळी साचली आणि धूर पुन्हा घरात आला.

खोली गरम करण्यासाठी जी बंद पेलेट-शेगडी येते, तिच्यात पंखा धूर नळीत ढकलतो. येथे साध्या चुलीहून एक गोष्ट उलटी आहे. नळीत दाब असल्यामुळे सांध्यास बारीकशी फट राहिली तरी वायू घरात येतो. म्हणून नळी त्या शेगडीसाठीच बनविलेली घ्यावी आणि सांधे उष्णता सोसणाऱ्या लेपाने बंद करावेत. वीज गेली की पंखा थांबतो, पण कांड्या धुमसतच राहतात. अशा वेळी नळीस निदान काही फूट सरळ उभी चढण असेल तर धूर आपोआप बाहेर ओढला जातो. भिंतीतून आडवी काढलेली नळी त्या प्रसंगी उपयोगी पडत नाही. नळीचे तोंड छपराच्या वर दोन-तीन फूट असावे, खिडकीजवळ किंवा शेजाऱ्याच्या गॅलरीखाली नसावे, आणि त्यावर पावसाची टोपी असावी. साध्या पत्र्याची नळी लाकडी तुळईपासून दीड फूट दूर ठेवावी. ॲस्बेस्टॉसची जुनी नळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा आणि धुरांड्याची शेगडी एकाच वेळी चालवावयाची असल्यास खिडकी उघडी हवी, अन्यथा तो पंखा धुरांड्यातील धूरच उलटा आत ओढील. परीक्षा सोपी आहे. पंखा चालू असताना, शेगडी पेटविण्यापूर्वी, नळीच्या खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर नळीत न जाता खोलीत पसरला, तर त्या दिवशी शेगडी पेटवू नये.

घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, किंवा अवेळी गुंगी आली, तर पित्त म्हणून स्वस्थ बसू नये. सर्वांना तत्काळ उघड्यावर आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या वायूची सूचना देणारे लहानसे यंत्र बाजारात मिळते. ते निजावयाच्या खोलीजवळ लावावे.

कांड्या कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवाव्यात. ओल लागली की त्या फुगून भुसा होतो, आणि असा भुसा पेटविला तर धुराने नळी लवकर भरते. नळी वापराच्या दिवसांत महिन्यातून एकदा ब्रशाने झाडावी, आणि पावसाळ्यानंतर प्रथम पेटविण्यापूर्वी वरच्या तोंडाशी पाखरांनी काड्या घातल्या नाहीत ना, हे शिडी लावून पाहावे.