कडेला पाणी नाही
नॉर्थ कॅरोलायनातलं पाइनहर्स्टचं क्रमांक 2 हे गोल्फ मैदान 1907 साली खुलं झालं. डोनाल्ड रॉसने ते वाळूवर आखलं होतं. पुढे पाणी मारमारून तिथे सगळीकडे गर्द हिरवळ झाली. 2010-11मध्ये गोल्फ मैदानांचे रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी सुमारे 35 एकर हिरवळ खरवडून काढली आणि जवळपास साडेअकराशे फवारे साडेचारशेवर आणले. आता फवारे फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या मुख्य हिरव्या पट्ट्याच्या, मधोमध. त्यामुळे गवत मध्ये हिरवं, पुढे पिवळट, मग उघडी वाळू आणि वायरग्रासचे झुपके. हा उतरत जाणारा रंग मला फार देखणा वाटतो. 2014ची यूएस ओपन इथेच झाली, पुरुषांची आणि लगोलग महिलांचीही. तपकिरी कडा पाहून काहींनी नाकं मुरडली. पण इथलं बर्म्युडा गवत पाणी तुटलं की रंग सोडतं, मुळं मात्र जगवतं.